कुदळ आधी की बोअर आधी? आरोग्य विज्ञान इमारतीच्या भूमिपूजनाची घाई

प्लिंथ_लेव्हल (धागाकर्ता)

विद्यापीठाची नवी आरोग्य विज्ञान इमारत म्हटली की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. मांडव, कोनशिला, नारळ, कुदळ. माती तपासणाऱ्याचं बोअरचं यंत्र जागेवर येतं ते सगळं उरकल्यावर. हा क्रम उलटा असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

भूमिपूजनाला विरोध नाही. पण कुदळ पडण्याआधी तीन गोष्टी कागदावर पक्क्या हव्यात: माती परीक्षणाचा अहवाल, मजल्याची उंची, आणि शरीररचना विभागाची हवा व सांडपाणी कुठून कुठे जाणार ते. फरशी, खिडक्या, रंग, फर्निचर नंतर हवं तेवढं बदला. या तिन्ही गोष्टी एकदा काँक्रीटमध्ये गेल्या की गेल्या.

पहिलीच बघा. नाशिक, पुणे, संभाजीनगर, अहिल्यानगर या सगळ्या दख्खनच्या पठारावर वर काळी माती, खाली मुरूम, मग मऊ खडक, मग कठीण खडक अशी उतरंड. पण ती सगळीकडे सारख्या खोलीवर नसते. एका कोपऱ्यात मुरूम दीड मीटरवर लागतो, त्याच प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला साडेचार मीटरपर्यंत काळी मातीच. आयएस १८९२ हे भारतीय मानक सांगतं की साधारण ०.४ हेक्टरच्या, म्हणजे एकरभराच्या आटोपशीर जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक अशी पाच बोअर पुरतात. हे काही आठवड्यांचं काम. ते न करता अंदाजपत्रकात सरसकट दोन मीटर खोदाई धरली, की पुढे ‘खडक लागला’, ‘खडक लागला नाही’ असे दोन्ही वाद व्हायला मोकळे.

---

कार्यारंभ_आदेश

मुद्दे बरोबर, निष्कर्ष चूक. सरकारी काम कसं हलतं ते सोडून तुम्ही लिहिताय.

आधी प्रशासकीय मान्यता, ती ढोबळ चौरस मीटरच्या दरावर. मग तपशीलवार अंदाजपत्रकावर तांत्रिक मान्यता. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. या साखळीत प्रत्येक टेबलावर फाईल थांबते. कुदळीची तारीख ठरली की ती उठते, हे कटू असलं तरी खरं आहे. वर ३१ मार्चला न वापरलेला निधी परत जातो.

आणि आचारसंहिता विसरलात. ती लागली की कोनशिला बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कार्यारंभ आदेश हातात असूनही जागेवर प्रत्यक्ष काम सुरू झालेलं नसेल तर तेही सुरू करता येत नाही. आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद अशा निवडणुका लागोपाठ. पाच बोअरसाठी थांबलात तर कदाचित बारा महिने थांबाल. दरसूची बदलली की अंदाजपत्रक पुन्हा पहिल्यापासून.

---

मुरूमवाला

दोघांनीही एक गोष्ट सोडलीत. कुदळ कोणत्या महिन्यात पडते?

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त सगळ्यांना आवडतो. एप्रिल-मे मध्ये नारळ फुटतो, लगेच पोकलेन लावून खड्डा घेतला जातो, कारण ‘काम सुरू आहे’ हे दिसायला हवं. उन्हात काळी माती वाळून तळापर्यंत भेगाळते. जूनमध्ये पाणी त्या भेगांतून उतरतं, बाजू ढासळतात आणि तळाचा मुरूम भिजून लोण्यासारखा होतो. पाऊस उघडल्यावर तो वरचा थर खरवडून काढावा लागतो आणि तेवढी उंची पीसीसीने, म्हणजे बिनलोखंडी साध्या काँक्रीटने, भरावी लागते. १,५०० चौ.मी. तळ आणि फक्त ३० सेंमी थर धरा, ४५० घनमीटर पीसीसी झालं. हे मूळ निविदेत कुठेच नसतं.

दसऱ्याला भूमिपूजन करा. पाऊस सरलेला, मातीत ओल पण चिखल नाही, आणि पुढच्या जूनआधी प्लिंथ (जोतं) बाहेर काढायला सात-आठ महिने. मुहूर्तच हवा ना? साडेतीन मुहूर्तांतलाच आहे तोही.

---

कार्यारंभ_आदेश

हे मान्य. पण दसऱ्याची तारीख आचारसंहितेला विचारून ठेवा म्हणजे झालं!

---

डिसेक्शन_हॉल

धागाकर्त्याचा तिसरा मुद्दा वर नुसता स्पर्शून गेलाय. आरोग्य विज्ञान इमारत ही साध्या वर्गखोल्यांच्या इमारतीहून वेगळी ठरते ती इथेच.

बाजारातलं फॉर्मालिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं पाणी. मृतदेह टिकवण्यासाठी ते पातळ करून वापरतात, तरी हॉलमध्ये वाफ राहतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोगकारक म्हणून गट १ मध्ये घातलंय. म्हणून या हॉलला स्प्लिट एसी हा उपाय नाही. तो तीच हवा गार करून पुन्हा तोंडावर मारतो. इथे शंभर टक्के बाहेरची हवा आत आणि आतली थेट छतावरून बाहेर, हाच मार्ग.

आता आकडे मांडा. हॉल ३०० चौ.मी., उंची सरासरी ३ मी., म्हणजे ९०० घनमीटर. हवा ताशी १२ वेळा बदलायची तर १०,८०० घनमीटर तासाला, म्हणजे सेकंदाला ३. डक्टमध्ये, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीत, वेग सेकंदाला साडेसात मीटर ठेवला तर छेद ०.४ चौ.मी. लागतो: १,००० × ४०० मिमीचा डक्ट. आत येणाऱ्या हवेचा एक, बाहेर जाणाऱ्या हवेचा दुसरा.

मजल्याची उंची नेहमीप्रमाणे ३.६ मी. धरली असेल तर स्लॅबसकट बीमचे ७५ सेंमी गेले, उरले २.८५. डक्ट आणि त्याच्या टांगण्या मिळून ५० सेंमी गेले, उरले २.३५. आणि जिथे दोन डक्ट एकमेकांना ओलांडतात तिथे १.९५. दार २.१ चं! मग बीमला भोकं पाडायची टूम निघते, नाहीतर डक्ट बारीक करून ‘हवा येते की’ म्हणत दिवस काढायचे. तळमजल्याची उंची ४.५ मी. ठेवली असती तर ओलांडणीच्या जागीही २.८५ मिळाले असते. भूमिपूजनाच्या फलकावर रंगीत चित्र छापलं जातं त्या दिवशी ही उंची नकळत ठरून जाते, कारण एकूण उंची आणि चौरस मीटर त्याच चित्रावरून मंजूर झालेले असतात.

---

कोनाडा

फॉर्माल्डिहाइड हवेपेक्षा जड असतं म्हणून एक्झॉस्टच्या जाळ्या जमिनीलगत ठेवा, एवढंच तर आहे. त्याला इतकी उंची कशाला?

---

डिसेक्शन_हॉल

हा समज फार पसरलाय. फॉर्माल्डिहाइडचा रेणुभार ३०, हवेचा सरासरी २९. जवळपास सारखाच. ते खाली जाऊन बसत नाही, पंखा फिरला की हॉलभर पसरतं. जाळी खाली, टेबलाच्या कडेला ठेवायची ती वेगळ्या कारणासाठी: वाफ विद्यार्थ्याच्या नाकापर्यंत चढण्याआधीच खेचली जावी म्हणून. विद्यार्थी टेबलावर वाकलेला असतो हे ध्यानात घ्या. आणि टेबलालाच खालून खेचणारी सोय करायची तर तिचा डक्ट फरशीखालून जातो. म्हणजे तिथला स्लॅब आधीपासून खोलगट हवा. नंतर फोडून करायचं काम नव्हे हे.

सांडपाण्याचंही तसंच. फॉर्मालिन मिसळलेलं पाणी थेट एसटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) सोडलं तर तिथले जिवाणूच मरतात आणि सगळ्या परिसराची टाकी नासते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रासायनिक द्रव वेगळा गोळा करून, त्यावर प्रक्रिया करून मगच बाकीच्या पाण्यात मिसळायचा. म्हणजे स्वतंत्र लाईन. ४० मीटरची लाईन १:६० च्या उताराने नेली तर दुसऱ्या टोकाला पाईप ६७ सेंमी खाली जातो. चेंबर किती खोल आणि प्लिंथ किती उंच, हे त्यावरून ठरतं. आता सांगा, हे कुदळीआधी ठरवायचं की नंतर?

---

संलग्नता

एक फरक करा. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं आणि मुख्यतः संलग्नता देणारं. अशा विद्यापीठाची इमारत परीक्षा विभाग, कार्यालयं, सभागृहं यांची असेल तर तिला फॉर्मालिनचं गणित लागू नाही. शिकवणी जिथे होणार तिथेच ते लागू. दोन्हींना एकच नकाशा वापरायची सवय मात्र सोडावी.

---

बी_टू_फॉर्म

कामाचं बोलू. दोन निविदा काढा. पहिली छोटी: कुंपण, पोचरस्ता, पाण्याची व विजेची जोडणी, सपाटीकरण. त्याच कामाचं भूमिपूजन करा, फाईल हलेल, निधी खर्ची पडेल. दरम्यान बोअर, डक्ट, उतार सगळं पक्कं करून इमारतीची मुख्य निविदा काढा.

---

प्लिंथ_लेव्हल

पटतंय, पण यातही एक खाच आहे. सपाटीकरण पहिल्या ठेकेदाराने केलं आणि भराव नीट दाबला नाही, की दुसरा म्हणतो ‘मला जागा अशीच मिळाली’. भराव आणि इमारतीखालची माती यांना पहिल्या निविदेत हातच लावू नका. आणि बांधकाम क्षेत्र २०,००० चौ.मी.च्या पुढे जाऊन पर्यावरण मंजुरी लागणार असेल, तर ती येण्याआधी जागा सुरक्षित करण्यापलीकडे काही करता येत नाही. तेव्हा सपाटीकरण त्या यादीतून काढाच. कुंपणाची कुदळ मारा.

---

कार्यारंभ_आदेश

कुंपणाच्या भूमिपूजनाला मंत्री येत नाहीत हो. आले नाहीत तर पुढचा हप्ताही येत नाही. मी अजूनही म्हणतो, आधी कुदळ. फक्त बी-१ (अंदाजपत्रकावर एकच टक्केवारी) ऐवजी बी-२ (प्रत्येक बाबीचा वेगळा दर) नमुन्यात निविदा काढा आणि माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक, पाणी उपसणे अशा सगळ्या बाबींचे स्वतंत्र दर आधीच घ्या. मग प्रत्यक्षात काहीही लागलं तरी जादा बाबीची फाईल फिरवावी लागणार नाही.

---

मुरूमवाला

दर घेतल्याने मापाचं भांडण मिटत नाही. मऊ खडक कुठे संपला आणि कठीण कुठे लागला, हे खड्ड्यात उभं राहून ठरवायचं तर दोन्ही बाजूंना आपापलं दिसतं. बोअरमधून निघालेले खडकाचे गाभे खोक्यात ओळीने, खोली लिहून ठेवलेले असतील तर दहा मिनिटांत निकाल. पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, जायचं ठरलं तरी तोच अहवाल लागतो. आणि काळ्या मातीत ग्रेड बीमखाली (जमिनीलगतच्या तुळईखाली) ८० मिमी मोकळी जागा सोडायला आयएस २९११ सांगतं, माती फुगली तर बीम वर ढकलला जाऊ नये म्हणून. शेवटी कुणीतरी ती जागा वाळूने भरून ‘फिनिशिंग’ करतं. पर्यवेक्षकाच्या यादीत ही ओळ लाल शाईने लिहा.

---

कोनाडा

आणि ती कोनशिला? ती नेहमी खोदाईच्या रेषेतच कशी येते?

---

बी_टू_फॉर्म

कारण ती मांडवाच्या सोयीने बांधतात, नकाशाच्या नाही. गेटजवळ, खोदाईच्या कडेपासून निदान खड्ड्याच्या खोलीच्या दीडपट लांब बांधा आणि पोकलेनचा रस्ता तिच्या दुसऱ्या बाजूने काढा.