पॅडच्या पाकिटावरचं ‘खास महिलांसाठी’ काढलं तर तुम्हाला काय वाटेल?

खाडाखोड

मी पॅकेजिंगची प्रूफं, म्हणजे छपाईआधीचे नमुने, तपासते; आयडी त्यावरूनच. काम रुक्ष: ऱ्हस्वदीर्घ, वजन, तारखेची जागा, बारकोडभोवतीची पांढरी पट्टी. सध्या टेबलावर सॅनिटरी पॅडचं पाकीट आहे. (छपाईत कापायच्या रेषेबाहेर रंग थोडा वाढवून घेतात, त्याला ‘ब्लीड’ म्हणतात. त्यावरचे सगळे विनोद आमच्याकडे करून झालेत, इथे नकोत.)

जुन्या पाकिटावर नावाखाली ‘खास महिलांसाठी’ होतं. नव्या प्रूफात त्या जागी ‘पाळी येणाऱ्या सर्वांसाठी’ आलंय आणि आतल्या एकेका पॅडच्या वेष्टनावरचं बाईचं छोटं चित्र गेलंय. बाकी सगळं होतं तसंच. मागच्या सूचनांमध्ये तर आधीपासूनच कोणाचा उल्लेख नव्हता, ‘दर ४ ते ६ तासांनी बदला’ एवढंच.

शुद्धलेखनाची चूक नाही म्हटल्यावर माझं काम संपलं. पण पेन तिथेच अडलंय. खटकलं खरं, का ते धड सांगता येत नाही. ऑफिसात विचारलं तर नवीन लागलेली मुलगी म्हणाली, ‘बरोबरच आहे की, त्यात काय विचारायचं?’ हिशेब बघणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘आता तेवढंही नाव ठेवू नका आमचं.’ मला दोघींचंही पटलं, म्हणजे माझं काही खरं नाही.

हे काही आजचं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऑल्वेज या पॅडच्या ब्रँडने वेष्टनावरचं स्त्रीचं चिन्ह, ते खाली अधिक असलेलं वर्तुळ, काढायचं ठरवलं. पारलिंगी (ट्रान्स, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंद झालेल्या) पुरुषांनी आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तशी मागणी केली होती. लगेच दुसरीकडून ‘यांचं काही घेऊ नका’ सुरू झालं. पुढच्या सप्टेंबरात टॅम्पॅक्स या टॅम्पॉनच्या (आत घालायच्या बोळ्यांच्या) ब्रँडने ट्विट केलं, की सगळ्याच बायकांना पाळी येत नाही आणि पाळी येणारी प्रत्येक व्यक्ती बाई नसते. पुन्हा गदारोळ. गंमत अशी की ही दोन्ही विधानं खरीच आहेत. माझ्या मते लोक चिडले ते शेवटी ‘रक्त जाणाऱ्या सगळ्या माणसांचं’ कौतुक केलं होतं त्यावर. घोळणा फुटलेला गडीसुद्धा त्यात बसतो!

पारलिंगी लोक खरे की खोटे हा वाद इथे नको. विचारायचं एवढंच: फळीवरून पाकीट उचलताना ही ओळ तुमच्या नजरेत भरते का? भरली तर काय वाटतं? प्रूफ परत देताना समासात शेरा लिहायची मुभा असते. कोणी वाचतं असं नाही, पण लिहीन म्हणते.

तिखटमीठ

मला राग येतो आणि का येतो तेही चांगलं ठाऊक आहे.

माझं सगळं वय जाहिरातीत निळं पाणी ओतलेलं बघण्यात गेलं. ब्रिटनमध्ये लाल रंग दाखवणारी बॉडीफॉर्म या पॅडच्या ब्रँडची जाहिरात यायला २०१७ उजाडलं. म्हणजे कुजबुज आमची, डाग लपवणं आमचं, पोटात कळा येत असताना हसतमुखाने मीटिंगला बसणं आमचं. आणि आता कुठे चारचौघांत बोलायची वेळ आली तर म्हणे ‘सर्वांसाठी’.

सप्टेंबर २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने मुखपृष्ठावर काय छापलं आठवतंय? ‘योनी असलेली शरीरं’. लेख होता पाळीवरच्या एका प्रदर्शनाबद्दल आणि त्या वाक्यात तक्रार अशी, की या शरीरांकडे आजवर दुर्लक्ष झालं. अहो, दुर्लक्ष झालं ते बाई म्हणूनच ना? मग दुर्लक्षाची तक्रार करतानाच बाईला गाळायचं? संपादकांनी नंतर माफी मागितली, पण छापताना कोणालाच काही वाटलं नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि हो, दाढीच्या फेसावर अजून ‘पुरुषांसाठी’ राजरोस छापून येतं. माझ्या हनुवटीवरच्या केसांना सामावून घ्यायची कोणाला घाई नाही.

दोनटाके

तिखटमीठ, राग समजला. माझं नेमकं उलटं आहे.

मला जन्मतःच गर्भाशय नाही. एमआरकेएच म्हणतात याला, साधारण ५,००० मुलींमागे एकीला असतं. अंडाशय असतात, अंगाची वाढ चारचौघींसारखी होते, फक्त पाळी येत नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षापर्यंत कोणाला संशयही आला नाही. ‘येईल गं, काही जणींना उशिरा येते.’

कॉलेजात मी पर्समध्ये दोन पॅड ठेवायचे. कोणी मागितलं तर असावं म्हणून आणि मुख्य म्हणजे मला कोणी काही विचारू नये म्हणून. बोलता बोलता सहज पर्स उघडी टाकायची, म्हणजे दिसेल. चाव्यांना आणि पेनांना घासून घासून त्या वेष्टनावरची छपाई पार उडून गेली होती, कडेची चिकटपट्टी काळी झाली होती. एकदा खरोखरच एका मैत्रिणीला गरज पडली. तिने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाली, ‘अगं, हे कुठल्या काळातलं?’ सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर मी दर दोन-तीन महिन्यांनी नवीन आणून ठेवायला लागले.

तर तेव्हा ‘खास महिलांसाठी’ वाचून मला काही आपलं-बिपलं वाटत नसे. तोंडावर दार लोटल्यासारखं वाटे. ‘पाळी येणाऱ्या सर्वांसाठी’ ही साधी माहिती आहे. ज्यांना येते त्यांनी घ्यावं. मी बाई आहे की नाही हे पॅडच्या पाकिटाने ठरवू नये. पाळी गेलेल्या, पिशवी काढलेल्या, हार्मोनचं साधन बसवल्यामुळे पाळी बंद असलेल्या अशा कितीतरी जणी आहेत, त्या काय महिला नाहीत?

तिखटमीठ

तुझ्याबाबतीत पटलं. पण ती ओळ तुझ्यासाठी बदललेली नाही. तुला विचारलं होतं का कोणी?

दोनटाके

नाही. पण माझं काम झालं. कोणामुळे झालं याची पावती कशाला मागू?

अधूनमधून

नमस्कार. ‘सर्वांसाठी’मधला तो ‘सर्व’ म्हणजे मी.

जन्मदाखल्यावर मुलगी, राहतो पुरुष म्हणून, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू आहे. ते सुरू केल्यावर बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते, माझीही थांबली. पण डोस चुकला की येते परत, सांगून नाही येत. (आयडीचं गुपित फुटलं.)

चिन्ह असलं काय, नसलं काय, मला फारसा फरक पडत नाही. पाकीट घरीच राहतं, सुटं पॅड बॅगेत. ज्यांना फरक पडतो त्यांचं खोटं आहे असं म्हणत नाही, घरच्यांबरोबर राहणाऱ्या विशी-बाविशीतल्या मुलाला ते पाकीट कपाटात ठेवणंसुद्धा अवघड असतं. माझी अडचण वेगळी आहे. पुरुषांच्या स्वच्छतागृहात दार लावता येईल अशा खोल्या एक किंवा दोन, त्यातल्या एकीची कडी मोडलेली. आत कचऱ्याचा डबा? कधीच नाही. आणि त्या वेष्टनाचा आवाज! चिकटपट्टी सोडवताना जो चर्रकन आवाज होतो तो दुसऱ्या कशाचाच नसतो. म्हणून मी फ्लश ओढतो आणि त्या पाण्याच्या आवाजात फाडतो. टाकी भरेपर्यंत दुसरा फ्लश मिळत नाही, त्यामुळे वेष्टन, चिकटपट्टी, बाजूचे पंख, सगळं एका दमात. पंख असलेलं पॅड मी आता घेतच नाही, तीन वेळा चर्र होतं. वापरलेलं गुंडाळून खिशात घालायचं आणि हात धुताना शेजारच्याशी क्रिकेटवर बोलायचं.

कॅनडात केंद्राच्या कामगार कायद्याखाली येणाऱ्या नोकऱ्यांच्या ठिकाणी डिसेंबर २०२३ पासून सगळ्या स्वच्छतागृहांत, पुरुषांच्यासुद्धा, पॅड आणि टॅम्पॉन ठेवणं बंधनकारक आहे. त्याची टिंगल भरपूर झाली. पण मला विचाराल तर पाकिटावर चार अक्षरं बदलण्यापेक्षा डबा ठेवणारा माणूस मला जवळचा. ओळ बदलायला कंपनीला काही पडत नाही, उलट बातमी होते.

आणि ‘रक्त जाणारी माणसं’ मलाही नको. ते वाचून आपण अपघात विभागात आहोत असं वाटतं.

रात्रपाळी

आयडी वॉर्डातल्या ड्यूटीवरून घेतलाय, विषयाशी संबंध नाही.

परिचारिका म्हणून एकच गोष्ट घालते. पॅडचं पाकीट आणि दवाखान्यातली सूचना एका मापाने मोजू नका. पॅड कशासाठी आहे हे बघणाऱ्याला कळतं, वर काहीही लिहा. सूचनेचं तसं नाही. ‘गर्भाशयमुख असलेल्या व्यक्तींनी तपासणी करून घ्यावी’ असं लावलं तर कितीतरी बायका पुढे निघून जातात. आपल्याला गर्भाशयमुख आहे हेच अनेकींना माहीत नसतं, शिकलेल्यांनासुद्धा. मी विचारते तेव्हा पोटावर भलतीकडेच हात ठेवतात. तिथे ‘महिला’ शब्द काढणं म्हणजे खरोखर कोणाची तरी तपासणी चुकवणं. पण पुरुष म्हणून नोंद असलेल्या माणसाला तपासणीचं बोलावणंच जात नाही, असंही होतं. तोही राहतो.

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रुग्णालयांनी २०२१ मध्ये यावर साधा उपाय केला. शब्द काढला नाही, वाढवला. ‘महिला आणि प्रसूत होणाऱ्या व्यक्ती’. बातम्या मात्र ‘स्तनपान’ हा शब्दच हद्दपार केला अशा थाटात आल्या. वाढवलेलं कोणाला दिसत नाही, काढलेलंच दिसतं. तिखटमीठ, तुमचा राग त्यातला थोडा असावा. थोडा. लॅन्सेटचा खरा.

तिखटमीठ

‘थोडा’ चालेल. अधूनमधून, डब्याचं अगदी पटलं. आमच्याकडे बायकांच्या स्वच्छतागृहात डबा आहे, पण झाकण पायाने उघडणारं होतं ते आता हाताने उचलावं लागतं. भांडायला हे विषय असताना आपण चिन्हावर भांडतोय.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. ब्रायटनसारखं दोन्ही लिहा, मला चालतं.

खाडाखोड

सगळं वाचलं. पाकीट समोर धरूनच वाचलं, आणि मला काय खटकलं होतं ते आता सांगता येतं. पुढची एक ओळ बदलायला बैठका झाल्यात, तीन वेळा प्रूफ फिरलंय. मागची बाजू कोणी उघडूनही पाहिलेली नाही. तिथे अजून ‘मऊ, कोरडं, सुरक्षित’ आहे. आत काय घातलंय ते एका शब्दाने नाही.

ऑल्वेजच्या चिन्हावरून रान पेटलं त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात पाळीच्या वस्तूंच्या पाकिटावर घटक छापायची सक्ती करणारा कायदा झाला. अमेरिकेतला तसा पहिलाच. त्याची कुठे चर्चा झाल्याचं आठवतंय कोणाला? मला कामामुळे माहीत. आणि किती शोषलं जातं त्याचं बघा. माझ्या प्रूफवर पाच थेंब काढलेत, त्यातले चार भरलेले. चार थेंब म्हणजे किती? कुठेच नाही. टॅम्पॉनचं तसं नाही. १९८० च्या सुमारास टॉक्सिक शॉकने (जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराने) बायका दगावल्या, मग अमेरिकेत मोजमाप ठरलं: रेग्युलर म्हणजे ६ ते ९ ग्रॅम, सुपर म्हणजे ९ ते १२. पॅडचे थेंब ज्याच्या त्याच्या मर्जीने. वर ही क्षमता बहुधा मिठाच्या पाण्यावर मोजायची पद्धत. मानवी रक्त वापरून वेगवेगळ्या वस्तूंची तुलना करणारा अभ्यास छापून यायला २०२३ साल उजाडलं. रक्त! ज्यासाठी ही वस्तू आहे ते.

तर शेरा लिहिलाय तो असा: ‘पुढची ओळ दोन्हीपैकी कोणतीच नको. त्या जागी क्षमता मिलिलिटरमध्ये. मागे घटकांची यादी. वेष्टनासाठी कमी आवाजाचं मटेरियल बघावं.’ शेवटचं अधूनमधूनमुळे. पण शाळेतल्या मुलींनाही ते हवं असेल, वर्गाशेजारच्या बाथरूममध्ये तो चर्र आवाज मीही दाबलाय.

स्कॉटलंडने फुकट पॅड द्यायचा कायदा २०२१ मध्ये केला. त्यात कोणाला द्यायचे? तर ज्यांना वापरायची गरज आहे त्यांना. मला हे पुरेसं वाटतं.

तिखटमीठ

ओळच काढायची? म्हणजे नाव गेलंच की शेवटी. फक्त सभ्यपणे गेलं.

खाडाखोड

गेलं. पण त्याच्या जागी मिलिलिटर येतील.

तिखटमीठ

येतायत! तुम्ही जागा मोकळी करा, ते तिथे फूल छापतील.

खाडाखोड

फूल आहेच. कमळ, गुलाबी. तेवढं मात्र कोणी काढा म्हणालं नाही.