वर्गात संगीत वापरायचं म्हणजे नक्की काय करायचं? मला गाता येत नाही

खडूची_धूळ
नमस्कार मंडळी, मी दुसरीला शिकवते. वर्ग मोठा आहे, आणि गाता येत नाही म्हणजे खरंच येत नाही, सूर कुठे आणि मी कुठे. पण हल्ली ट्रेनिंगला गेलं की तेच, व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच, संगीतातून शिक्षण, संगीतातून शिक्षण. म्हणून मग एक छोटा स्पीकर घेतला, मुलं लिहीत असली की हळू आवाजात गाणी लावून ठेवते आणि पाढ्यांसाठी मोबाइलवरचं एक चालीचं गाणं लावते. आता होतंय काय, पाढा चालीवर एकदम खणखणीत म्हणतात पण मध्येच "सात आठी किती" विचारलं की गप्प, नाहीतर मग ओठातल्या ओठात सात एके सातपासून सुरू. आणि लिहिताना गाणं लावलं की वर्ग शांत व्हायच्या ऐवजी गाण्याच्या वरताण बोलायला लागतो. शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा दारात येऊन बघून गेल्या. मी कुठे चुकतेय की हे सगळं उगाच फॅड आहे? वाद्यं वगैरे काही नाहीत आणि मिळणारही नाहीत, हे धरून सांगा.

आकडेमोड्या
पाढ्यांचं सांगतो. चालीमुळे पाठ होतं हे खरंच आहे, पण ते साखळीसारखं पाठ होतं, एक कडी ओढली की पुढची येते, मधली एकटी सुटी निघत नाही. म्हणून मूल पहिल्यापासून गुणगुणतं. त्याला पाढा येतोय, फक्त हवा तिथून उचलता येत नाहीये. तेव्हा गाणं बंद करू नका, गाण्याची मोडतोड करा. सुरुवात पहिल्या ओळीऐवजी सात पाचेपासून करायची. मध्येच हात वर केला की सगळे थांबणार आणि पुढचं उत्तर पाटीवर लिहिणार, मग पुन्हा गाणं चालू. नंतर उलटा पाढा, त्याला तीच चाल बसत नाही, मुलं अडखळतात हसतात, आणि त्या अडखळण्यातच आकडा चालीपासून सुटा होतो. हळूहळू चाल काढून टाकायची आणि नुसत्या ठेक्यावर आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. आणि एक, मोबाइलवरची बरीच गाणी फार फास्ट असतात, मागे इतकी वाद्यं की आकडाच नीट ऐकू येत नाही. स्वतः म्हणा, भले बेसूर.

सा_पासून_सुरू
वरच्या "भले बेसूर"ला थोडा विरोध :) मी लहान मुलांना संगीत शिकवते म्हणून बोलतेय. आवाज गोड नसला तरी काही बिघडत नाही, पट्टी, म्हणजे गाणं किती उंच किंवा खालच्या सुरात सुरू करायचं ते, चुकली की मात्र बिघडतं. आपण मोठी माणसं आपल्याला सोयीच्या पट्टीत गाणं सुरू करतो, ती मुलांच्या गळ्याला फार खाली पडते, मग मुलं गायच्या ऐवजी बोलल्यासारखं गुरगुरतात आणि आपण म्हणतो यांना सूरच नाही. सहा ते आठ वर्षांच्या बऱ्याच मुलांचा गळा साधारण पेटीच्या मध्य सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत (म्हणजे दुसऱ्या ते सहाव्या पांढऱ्या बटणापर्यंत) आरामात फिरतो. पेटीचं एखादं ॲप मोबाइलवर घ्या, पांढरी दोन दाबा आणि तिथे सा धरून सुरू करा, बस. पुरुष शिक्षक असतील तर ते एक सप्तक खालून गातात, काही मुलांना तो सूर आपल्या सप्तकात पकडता येत नाही, अशा वेळी सुरुवात एखाद्या सुरेल मुलीला किंवा मुलाला करायला लावायची.

आणि कृपा करून "जोरात म्हणा" सांगू नका. जोरात सांगितलं की मुलं ओरडतात, ओरडताना सूर ऐकू येत नाही, मग सूर जातो आणि आपले कानही जातात. "शेजारच्याचा आवाज तुला ऐकू आला पाहिजे" असं सांगून बघा.

अगदी काहीच जमत नसेल तर दोन सुरांत हजेरी घ्या. वरून प, खाली ग. मुलं लांबून एकमेकांना हाक मारतात ना, साधारण तसंच उतरतं ते. तुम्ही नाव गायचं, मुलाने "आलो" किंवा "आले" त्याच दोन सुरांत परत द्यायचं. हंगेरीचे संगीतकार कोडाई यांच्या पद्धतीत मुलांचं गाणं याच दोन सुरांपासून सुरू करतात आणि तिसरा सूर सावकाश येतो. प्रत्येक सुराला हाताची एक खूण असते, त्या खुणा मूळ इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. दोन सुरांना दोन खुणा तुम्हालाही जमतील, आणि बाईंचा गळा बसला तरी हजेरी नुसत्या हातांनी होते!

मागचा_बाक
स्पीकर बंद करा, एवढंच खरं तर सांगायचंय पण का ते सांगतो. शब्द असलेलं गाणं आणि शब्द लिहिणं-वाचणं दोन्ही डोक्यातल्या एकाच गल्लीतून जाणार, गर्दी होणारच, त्यात दुसरीतलं मूल अजून अक्षर जुळवतंय. शास्त्रीय संगीत लावलं तर मेंदू तल्लख होतो हे जे फिरत असतं ना त्याचा उगम १९९३ च्या नेचर मासिकातला एक छोटा प्रयोग. त्यात लहान मुलं नव्हतीच, कॉलेजचे विद्यार्थी होते, ३६ जण. दहा मिनिटं मोझार्ट ऐकून आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत ते थोडे बरे ठरले आणि तो फरक पाव तासात विरला. एवढ्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायला बजेटमध्ये पैसे मागितले होते, बोला आता. पुढच्या प्रयोगांत दिसलं की आवडीची कथा ऐकली तरी तेवढाच फायदा होतो, म्हणजे मूड चांगला आणि झोप उडालेली एवढंच त्यातलं गुपित.

लावायचंच असेल तर काम सुरू व्हायच्या आधी लावा. आणि "ऐका" म्हणून लावा, दोन मिनिटं, दुसरं काही न करता. सतत मागे वाजत राहिलं की मुलं न ऐकायला शिकतात.

खडूची_धूळ
अरे बापरे, इतकं सगळं! हजेरीचं उद्याच करून बघते. पण अजून एक, टाळीवर शब्द तोडायचं करून घेते (भाषेच्या तासाला), त्यात दोन भानगडी. एक तर टाळी हळू सुरू होते आणि मुलं पळत सुटतात, कितीही सांगा. दुसरं म्हणजे "कमळ"ला निम्मी मुलं दोन टाळ्या देतात निम्मी तीन. बरोबर कुठलं?

सा_पासून_सुरू
पळत सुटतात तो वांडपणा नाही ताई. लहान मुलांचा स्वतःचा ठेकाच मोठ्यांपेक्षा जलद असतो, वय वाढतं तसा तो सावकाश होतो. तुम्ही तुमच्या चालण्याच्या लयीत टाळी देता, ती त्यांना फार रेंगाळलेली वाटते. आधी त्यांची लय पकडा, तुम्ही त्यांच्यात मिसळा, मग हळूच ओढून खाली आणा. दोन टाळ्यांच्या मधली रिकामी जागा भरायला काहीतरी द्या, हात गोल फिरवणं किंवा मांडीवर हलकी थाप, म्हणजे थांबायचं कुठे ते अंगाला कळतं. स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक डालक्रोझ यांनी तर लय आधी चालण्यातून आणि अंगातून शिकवायची असाच सगळा अभ्यासक्रम बांधला होता. जागा असेल तर बाकं सरकवून चालवा, ठेका थांबला की पुतळा.

कमळचं भाषावाल्यांनी सांगावं.

आकडेमोड्या
भाषावाला नाही पण घरात हाच वाद झालाय. बोलताना आपण क-मळ म्हणतो, दोन टाळ्या. लिहिताना अक्षरं तीन, म्हणून ज्यांना वाचता यायला लागलंय ती मुलं तीन देतात. दोन्ही ठीक आहे, फक्त आज कान मोजतोय की डोळे ते आधी सांगा. कानाचा खेळ असेल तर फळ्यावर शब्द लिहूच नका. आणि चाल स्वतः लावत असाल तर जरा जपून, चालीच्या नादात ऱ्हस्वाचं दीर्घ होतं आणि मूल तसंच लिहितं.

दुपारची_सुट्टी
शिक्षक नाही, पालक आहे, एवढंच सांगायला आले. माझ्या मुलाला मोठा आवाज सहन होत नाही, सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागले की कान झाकून बाकाखाली जातो. त्याच्या बाईंनी दोन बोटांनी तळहातावर टाळी सुरू केली, सगळ्या वर्गालाच, त्याला वेगळं न काढता. शिवाय ठेका सुरू व्हायच्या आधी बाई हात वर करून दाखवतात, आवाज येणार हे आधी कळलं की तो दचकत नाही. आता तो ठेका धरतो. कानाला मशीन असलेलं मूल वर्गात असेल तरी बघा, मागे सतत काही वाजत असलं की त्यांना बाईंचं बोलणं वेगळं काढणं फार जड जातं.

खडूची_धूळ
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू. दोन बोटांची टाळी शेजारच्या बाईंसाठीही बरी :) एकच शेवटचं, वर्ग आवरायला, वह्या ठेवायला गाणं वापरतात म्हणे, त्याने गोंधळ वाढत नाही का?

मागचा_बाक
रोज वेगळं लावलं तर वाढतो. एकच ठरवा, एक-दीड मिनिटाचं, रोज तेच, आणि गाणं संपलं की हात रिकामे हा नियम. मुलांना शेवटची ओळ कधी येणार ते पाठ होतं, मग "लवकर करा" म्हणावं लागत नाही.

सा_पासून_सुरू
त्याला जोड, शेवटचं कडवं मनातल्या मनात. तुम्ही ठेका फक्त बोटाने दाखवायचा, ओठ बंद, आणि शेवटचा शब्द सगळ्यांनी एकदम मोठ्याने. पहिले काही दिवस कुणी आधी येणार कुणी नंतर, हशा पिकणार, पिकू दे. जमायला लागलं की रोज एकेक ओळ जास्त मनात ढकला.