आईने वजनाच्या इंजेक्शनचा डोस स्वतःच वाढवला, हातपाय थरथरतायत, काय करू?

नाशिकची_लेक: आई ५४ वर्षांची, वजन ८९, शुगर दहा वर्षांपासून. मावशीच्या ओळखीतल्या कुणीतरी टिर्झेपटाइडची इंजेक्शनं आणून दिली, आठवड्याला एक पोटावर टोचायचं. मावशीचं वजन उतरलं म्हणून आईनेही डॉक्टरांना न विचारता चालू केलं. २.५ मिलीग्रॅमची दोन घेतली, काटा हलला नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात डायरेक्ट ५. तेव्हापासून मळमळ, उलट्या, अर्धी भाकरी पण जात नाही आणि काल दुपारी दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, साखरपाणी दिल्यावर थांबलं. ती म्हणते औषध लागू पडतंय. शुगरच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, चालूच आहेत. हे नॉर्मल आहे का?

मेडिकलवाला_दादा: ताई, मळमळ बऱ्याच जणांना होते, पण घाम आणि थरथर म्हणजे शुगर खाली गेल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड पेशंट जेवो न जेवो इन्सुलिन सोडायला लावते, त्यात हे इंजेक्शन आणि वर पोटात काही नाही. मी काउंटरवर रोज सांगतो, २.५ चे पहिले चार आठवडे फक्त पोटाला सवय व्हावी म्हणून असतात, त्यात वजन उतरलं नाही तरी डोस वाढवायचा नाही. आत्ता ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी परत बघा, आणि डॉक्टरांना आजच फोन करून सगळं खरं सांगा, ते ओरडले तरी चालेल. पोटात वर जोराची कळ येऊन पाठीकडे गेली आणि थांबत नसेल तर सरळ कॅज्युअल्टी, ते स्वादुपिंडाला सूज आल्याचं असू शकतं. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, मेड्युलरी प्रकारचा असेल तर हे औषध देतच नाहीत.

सांगलीची_सून: मी सेमाग्लुटाइड, म्हणजे असंच वजनाचं इंजेक्शन, घेतलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ७ महिन्यांत १७ किलो उतरलं, मला त्याचा खरंच फायदा झाला. पण उजव्या बरगडीखाली दुखायचं ते मी पित्त समजून अंगावर काढलं, शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. वजन भरभर उतरलं की होतात म्हणे. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं? कारण अन्न पोटात जास्त वेळ राहतं आणि भुलीत ते वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते. आईंचं मोतीबिंदू वगैरे काही ठरलं असेल तर आधी सांगून ठेवा.

विदर्भ_७७: यापेक्षा हर्बल कॅप्सूल बऱ्या ना, साइड इफेक्टच नाही

मेडिकलवाला_दादा: भाऊ, कृपा करून असं सुचवू नका. अशा 'हर्बल' मालात सिब्युट्रामिन हे वजन कमी करायचं जुनं औषध मिसळलेलं सापडलंय, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या धोक्यामुळे २०११ साली आपल्याकडे बंदी आली ते हेच औषध. डब्यावर त्याचं नावही नसतं.

नाशिकची_लेक: दादा, शुगर ५८ होती!! ग्लुकोज दिलं, अर्ध्या तासात ९६ झाली. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलंय, इंजेक्शन सध्या थांबवलंय, उद्या रक्त तपासायला बोलावलंय. आई रडली, म्हणाली गुडघे दुखतात म्हणून घेतलं गं, तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. मावशीलाही फोन केला, तिच्याकडे अजून दोन पेनं आहेत आणि तिने पण कुठल्याच डॉक्टरला दाखवलेलं नाही. तिलाही उद्या सोबत नेतेय.