लिंकन यांचे म्हणून फिरणारे ‘ते’ पत्र खरे आहे का?

नौपाडाकर: आमच्या सोसायटीच्या गटावर, बड्या कंपन्या प्रजासत्ताक गिळतील असे सांगणारे लिंकन यांचे १८६४ सालचे पत्र फिरत आहे. ठाण्यातील वाचकमंडळात त्यावर बोलायचे असल्याने, ते विश्वासार्ह आहे का?

वाशीचा वाचक: इतिहासकार ते बनावट मानतात, तेव्हा ते वगळावे. अस्सलच हवे असेल, तर रूझवेल्ट यांनी २९ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकी काँग्रेसला पाठवलेला संदेश वाचा. खासगी सत्ता लोकशाही राज्यापेक्षा प्रबळ होऊ दिली, तर लोकांचे स्वातंत्र्य सुरक्षित राहत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

कळवेकर: अमेरिकेपर्यंत कशाला जायचे? राज्याचे नियंत्रण हटले की उरते ती खासगी मालकाची हुकूमशाही, असे बाबासाहेबांनी १९४७ मध्येच मांडले होते. शिवाय १९५७ साली, टाटा स्टीलला राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा देताना, मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबई उच्च न्यायालयात बजावले की हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटू शकतो. (परवानगीही दिली आणि कानही टोचले!) पुढे १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, ती १९८५ मध्ये उठली.

नौपाडाकर: आभारी आहे. छागलांपासूनच सुरुवात करतो.