गाठ हृदयापर्यंत गेली म्हणजे संपलं का?

रात्रपाळी: काल एकाने लिहिलं की फुप्फुसातली कार्सिनॉइड गाठ हार्टमध्ये शिरली की सर्जन नुसतं बिल वाढवायला कापतात, पेशंटला सरळ घरी न्या. वाचून डोकंच फिरलं. मी ओटीत नर्स आहे. कार्सिनॉइड म्हणजे नेहमीचा लंग कॅन्सर नाही हो, बऱ्याचदा सावकाश वाढतो. फुप्फुसाच्या शिरेतून डाव्या एट्रियममध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, शिरला तरी हार्ट-लंग मशीनवर घेऊन फुप्फुस आणि एट्रियमच्या भिंतीचा तुकडा एकत्र काढता येतो. छातीच्या मधल्या लिम्फ नोड (रसग्रंथी) स्वच्छ हव्यात, लांब कुठे पसरलेला नको. रिपोर्टवर टी-४, म्हणजे गाठ हृदयासारख्या शेजारच्या अवयवात शिरलीय, असं लिहिलं म्हणजे नकार नव्हे!

घाटमाथा: ते लिहिणारा मीच. माझ्या मेव्हण्याला असंच सांगितलेलं, "निघेल". निघाली पण. अटिपिकल, म्हणजे जास्त आक्रमक प्रकारची होती, 19 दिवस आयसीयू, आठ महिन्यांत लिव्हरमध्ये. बहिणीने दागिने मोडले. तुम्ही ओटीतून घरी जाता, पुढचं आम्ही बघतो.

शेवगा: हार्मोनचं कुणीच बोलत नाही! माझी ताई दीड वर्ष फुगत होती, तोंड गोल, बीपी, शुगर, पोटॅशियम 2.4, आणि जो तो "भात कमी कर". शेवटी सीटीत 12 मिमीची गाठ, तीच एसीटीएच सोडत होती, म्हणजे शरीरातलं कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड वाढवणारं हार्मोन. एवढ्याशा गाठीने बाई आडवी केली आणि आमचे फॅमिली डॉक्टर म्हणे टेन्शन घेता.

अण्णा_७२: डॉक्टरांना कशाला झोडता? चेहरा गोल झाला की आधी बाहेरून घेतलेलं स्टेरॉइडच शोधतात, कारण बहुतेक वेळा तेच असतं. सांधेदुखीच्या पुड्यांतसुद्धा सापडतं. ताईंनी काही घेतलं नव्हतं ना?

शेवगा: म्हणजे चूक ताईचीच? एक पुडी घेतली नाही तिने! दीड वर्षात एकदा कॉर्टिसॉल तपासायला काय जात होतं??

अण्णा_७२: तपासायला हवं होतं, ते बरोबर. पण ओरडू नका.

पाणबुडी: मुळात कापायचं कशाला? अशा गाठींवर देतात ते किरणोत्सारी औषध, ल्युटेशियम, आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव रिअॅक्टरमध्ये बनतं, परळला देतात.

रात्रपाळी: पसरलेल्या आजारात उपयोग होतो, नाही कुठे म्हणतेय. पण एट्रियमच्या आत लोंबणारा गोळा त्याने लगेच जात नाही, आणि त्याचा तुकडा सुटला तर थेट मेंदूत. म्हणून टेबलावर अन्ननलिकेतून इको ठेवून बघत बघत काढतात. सेरोटोनिन हार्मोन सोडणारी गाठ असेल तर नुसत्या हाताळण्याने बीपी कोसळतं, ऑक्ट्रिओटाइड हे हार्मोन रोखणारं औषध आधीपासून चालू लागतं, भूलतज्ज्ञाला हे माहीत हवंच. एसीटीएचवाली असेल तर आधी गोळ्यांनी कॉर्टिसॉल खाली आणा, नाहीतर जखम भरत नाही, इन्फेक्शन घेऊन जातं. दादा, मेव्हण्यांचा पीईटी स्कॅन आणि नोडची बायोप्सी आधी झाली होती का?

घाटमाथा: पीईटी झाली. नोडची नाही, ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात नोड पॉझिटिव्ह आल्या. आधी कळलं असतं तर आम्ही नाही म्हटलं असतं.

रात्रपाळी: मग तुमचा राग खरा आहे. ते आधी बघायलाच हवं होतं.

घाटमाथा: ठीक, "सरसकट घरी न्या" हे माझे शब्द मागे. बिलाचे नाही.

पाणबुडी: शेवगा, ताई कशा आहेत आता?

शेवगा: गाठ काढून सात महिने झाले. तिची स्वतःची कॉर्टिसॉल बनवणारी ग्रंथी अजून झोपलेली आहे, सकाळी उठल्याउठल्या त्याच्या बदली हायड्रोकॉर्टिसोन लागतं. जुने ब्लाउज परत बसायला लागलेत.