अहमदाबादनंतर बाबा विमानात बसायला तयार नाहीत, रात्री समृद्धीने जायचं म्हणतात

गोरेवाड्याची_लेक
आम्ही नागपूरचे. मामेबहिणीचं लग्न ठाण्याला आहे, आई, बाबा, दादा आणि मी जाणार. मी विमानाची तिकिटं बघून ठेवली होती पण बाबांनी साफ नाही सांगितलं. अहमदाबादचं विमान पडल्यापासून ते व्हिडिओ त्यांनी इतक्यांदा बघितलेत की विषय काढला तरी अस्वस्थ होतात. म्हणतात गाडी आपल्या हातात असते, काही वाटलं तर बाजूला घेता येते, वर गेल्यावर काय करणार. आता ठरलंय काय तर दादाने दिवसभर ऑफिस करायचं, संध्याकाळी निघायचं, रात्रभर समृद्धीने चालवायचं आणि सकाळी हळदीला हजर. मला याचीच जास्त भीती वाटतेय. विमान खरंच गाडीपेक्षा सेफ आहे का, म्हणजे आपल्याकडे? अमेरिकेचे आकडे दिले की बाबा म्हणतात तिकडचं तिकडे.

पाचाड
ताई मग इकडचेच आकडे घ्या. २०२२ मधे भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, हे सरकारी आकडे आहेत, त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. दिवसाला साधारण ४६०. अहमदाबादला १२ जून २०२५ ला विमानातले २४१ आणि खाली जमिनीवरचे १९ मिळून २६० गेले, म्हणजे देशातल्या रस्त्यांवर एका दिवसात जातात त्याहून कमी. त्या दिवशीही रस्त्यावर माणसं गेलीच असतील, त्यांचे व्हिडिओ कोणी लावले नाहीत एवढंच.

सम_विषम
पाचाड, मुद्दा बरोबर आहे पण हिशोब असा मांडला तर तिचे बाबा एका मिनिटात खोडून काढतील. गाडीने रोज करोडो लोक फिरतात, विमानाने थोडे, मग जास्त मरणारच म्हणतील. शिवाय त्या १ लाख ६८ हजारात ४४ टक्क्यांहून जास्त टू-व्हीलरवाले आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे आहेत. कार, टॅक्सी, व्हॅन वगैरेमधले साधारण १२ ते १३ टक्के. म्हणजे तुलना करायची तर २१ हजारांच्या आसपासचा आकडा धरा, आणि तोही काही लहान नाही.

आता विमानाचं बघा. मे २०१० ला मंगळूरला १५८ गेले, त्यानंतर थेट ऑगस्ट २०२० ला कोझिकोड, तिथे २१, आणि मग जून २०२५ अहमदाबाद. मंगळूर ते कोझिकोड ही दहा वर्षं आपल्या एअरलाइन्सच्या अपघातात एकही प्रवासी गेला नाही. आणि विमानाने फिरणारे थोडे नाहीत, २०२४ या एका वर्षात देशातल्या देशात १६ कोटींच्या वर लोकांनी प्रवास केला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अभ्यासात २०१८ ते २०२२ मधे सगळ्या जगाचं मिळून १ कोटी ३७ लाख बोर्डिंगमागे (म्हणजे तितक्या वेळा कोणी विमानात चढलं तर) १ मृत्यू असं आलंय, त्या जगात आपण पण आलो, बाबांना तिकडचं म्हणता येणार नाही.

अजून एक, हे लोकांच्या लक्षात येत नाही. विमानाचा धोका मुख्यतः टेकऑफ आणि लँडिंगच्या आसपास असतो, मधलं अंतर कितीही असो त्याने फार फरक पडत नाही. गाडीचा धोका मात्र प्रत्येक किलोमीटरला वाढत जातो. त्यामुळे नागपूर ते वर्धा कोणी गाडी काढली तर मी काही बोलणार नाही, पण ७०० किमी आणि तेही रात्री, तिथे तुलनाच होत नाही. फक्त हे एअरलाइनच्या नेहमीच्या विमानांबद्दल बोलतोय हां, केदारनाथची हेलिकॉप्टरं किंवा छोटी चार्टर विमानं यात धरू नका, त्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे.

हँगर_बारा
मी विमानांच्या मेंटेनन्समधे बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. बाबांना आकडे नको असतील तर चरखी दादरीचं सांगा. नोव्हेंबर १९९६, दोन विमानं हवेत धडकली, ३४९ गेले, त्या वयाच्या माणसाला ते नक्की आठवत असेल. त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं, म्हणजे दुसरं विमान जवळ यायला लागलं की एका पायलटला वर जा आणि दुसऱ्याला खाली जा असं यंत्रच सांगतं. एक अपघात झाला आणि एअरलाइन्सच्या विमानांत हे यंत्र आलं. पायलट दोन असतात, ड्यूटीचे तास बांधलेले असतात, दारू प्यायलाय का ते तपासतात, एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरता येतं आणि त्याची सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा प्रॅक्टिस करून घेतात. आता मला सांगा, दिवसभर ऑफिस करून रात्रभर चालवणाऱ्या तुमच्या दादाला कोण थांबवणार आहे? तो थकला तर दुसरा कोण आहे गाडीत? बाबा म्हणतात गाडी आपल्या हातात, पण समोरून डिव्हायडर तोडून येणारा कंटेनर किंवा लाईट न लावता उभा असलेला ट्रक कोणाच्या हातात असतो.

अहमदाबादबद्दल एवढंच, जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात टेकऑफनंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याचं आलंय. ते का गेले यावर व्हॉट्सअपवर जे फिरतं ते प्लीज घरात वाचू नका, त्याने भीती वाढते आणि गेलेल्या पायलटांवर अन्याय होतो.

निशिगंधा_ठाणे
आकड्यांनी भीती जात नाही गं. माझ्या सासऱ्यांचंही असंच होतं, वाद घातला की जास्त हट्टाला पेटायचे. तू विमानाची बाजू घेण्यापेक्षा रात्रीच्या ड्रायव्हिंगबद्दल बोल. १ जुलै २०२३ ची सिंदखेडराजाजवळची ट्रॅव्हल्स आठवते ना, नागपूरहूनच पुण्याला निघालेली, मध्यरात्रीनंतर उलटली आणि पेटली, २५ जण गेले. समृद्धी सरळसोट आहे, वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही, रात्री दोन अडीचला डोळा लागायला वेळ लागत नाही आणि १२० च्या स्पीडला एक सेकंद झोप म्हणजे ३३ मीटर गाडी तशीच पुढे जाते. अमेरिकेत ९/११ नंतर लोक विमानं सोडून गाड्यांनी फिरायला लागले तेव्हा पुढच्या वर्षभरात रस्त्यावर साधारण १५०० माणसं जास्त गेली असा अभ्यास आहे. घाबरून जे केलं त्यानेच गेली ती. बाबांना तिकडचं नको असेल तर हे तू तुझ्या दादाला सांग, चालवणार तोच आहे, तो नाही म्हणाला तर प्लॅन आपोआप बदलतो.

आणि बाबा विमानाला तयार नसतील तर नको ना जबरदस्ती, विदर्भ किंवा दुरांतोची तिकिटं काढा, रात्री झोपून या.

गोरेवाड्याची_लेक
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दादाला वाचायला दिलं, तो रात्री चालवणार नाही म्हणालाय. बाबा चरखी दादरीवर बराच वेळ बोलले पण विमानाला अजून नाहीच. ट्रेनला वेटिंग येतंय, लग्नाची तारीखच तशी आहे. कन्फर्म नाहीच झालं तर दिवसा गाडीने निघायचं म्हणतोय, मग काय काय काळजी घ्यायची?

सम_विषम
आज तत्काळचं बघून ठेवा आधी. गाडीच काढायची तर पहाटे उजेड झाल्यावर निघा, दीड दोन तासांनी थांबा, झोप आली की कोणाचंही न ऐकता बाजूला घ्या पण हायवेच्या कडेला नाही, पंपावर किंवा एक्झिट घेऊन. आणि मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा, आईने सुद्धा. सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर बेल्ट न लावता, २०२२ साली, पालघरला, आणि गाडी मर्सिडीज होती. त्या एका वर्षात बेल्ट न लावलेले १६ हजारांहून जास्त लोक देशात गेलेत, त्यातले निम्मे ड्रायव्हर नव्हते, प्रवासी होते.

हँगर_बारा
टायर किती जुने आहेत ते बघा, नुसती हवा चेक करून भागत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. पाच सहा वर्षांच्या वरचे असतील तर निघायच्या आधी बदलून घ्या, नक्षी चांगली दिसत असली तरी. काँक्रीटवर तासन्‌तास स्पीडने टायर तापतात, आणि जुना टायर तिथे दगा देतो. स्टेपनी पण तपासा.