गाडीचं पासिंग मोबाईलवर दिसतं, मग बोटीचं का दिसू नये?

चोडणची लेक
गेल्या रविवारी भाच्यांना घेऊन गोव्यातल्या मांडवी नदीत एका खासगी बोटीच्या सफरीला गेले. चढायच्या जागी प्रवासीसंख्या रंगवलेली होती, पण दुसरा आकडा खरवडून गेलेला. चाळीस की एकोणपन्नास, कळायला मार्ग नाही. बोट सुटल्यावर मी डोकी मोजली, तर ५८ भरली. लाईफ जॅकेटं बाकाखाली होती, सगळी एकाच नायलॉनच्या दोरीने आवळून बांधलेली. एक सोडवून बघितलं, गाठ सुटायला दोन मिनिटं लागली. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

परतताना रायबंदरला फेरीबोटीच्या रांगेत पुढे एक टॅक्सी होती. तिचा नंबर एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकला. फिटनेस कधीपर्यंत, विमा आहे का, पीयूसी कधी संपतं, सगळं समोर आलं. चार प्रवाशांच्या गाडीचं एवढं कळतं आणि पन्नास माणसं नेणाऱ्या बोटीचं चढणाऱ्याला काहीच कळत नाही, हे मला पटत नाही. गाड्या वाहतूक खात्याकडे आणि नदीतल्या बोटींची नोंदणी आणि सर्व्हे, म्हणजे तपासणी, बंदर कप्तान खात्याकडे. दोन्ही खाती राज्य सरकारचीच. २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात विमा सक्तीचा आहे, सगळ्या जहाजांच्या केंद्रीय नोंदीचीही तरतूद आहे. मग प्रत्येक बोटीच्या दाराशी मोठा क्यूआर कोड लावायला सांगा. सर्व्हेची तारीख, माणसं किती, विमा कधीपर्यंत, एवढ्या तीन गोष्टी दिसू देत.

म्हापशाचा टॅक्सीवाला
ताई, तुमची कळकळ कळते, पण मोबाईलवर दिसतं ते खरंच असं धरून चालू नका. माझी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी पासिंगला जायची, आता दरवर्षी जाते. पासिंगच्या दिवसापुरते दुसऱ्याचे टायर चढवून आणणारे मी या डोळ्यांनी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी परत तेच गुळगुळीत टायर, आणि मोबाईलवर मात्र फिटनेस आहेच. कागद एका दिवसाचा साक्षीदार असतो. आमच्यावर थोडा तरी वचक आहे, तो चौकात हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावणाऱ्या माणसामुळे. तसाच माणूस शनिवार-रविवारी जेटीवर उभा करा आणि त्याला फक्त डोकी मोजू दे. क्यूआरवर पैसे घालवण्यापेक्षा त्याचा पगार द्या.

जुना सारंग
मी बावीस वर्षं बार्जवर, म्हणजे माल नेणाऱ्या मोठ्या बोटीवर, सारंग म्हणून काढली; बोट चालवणारा तो सारंग. आमोण्याहून खनिज भरून मुरगावला न्यायचं. बोटीच्या सर्व्हेला गाडीच्या पासिंगच्या रांगेत बसवू नका. आमची बार्ज स्लिपवर, म्हणजे काठावरच्या उतारावर, ओढून चढवली की हातोडीने पत्रा ठोकून बघायचे. चांगला पत्रा खणखणतो, गंजून पातळ झालेला बद्द वाजतो. तो आवाज ऐकून तपासणाऱ्याने जागेवर पत्रा कापायला लावलेला मी पाहिलाय. टायर बदलता येतात, तळ एका दिवसासाठी उसना आणता येत नाही.

पण सर्व्हे वर्षातून एकदा, आणि बोट सुटते दिवसातून चार वेळा. बार्जच्या अंगावर लोडलाइन रंगवलेली असते. ती पाण्याखाली गेली की काठावरच्या पोरालाही कळतं, आज जास्त भरलीय. प्रवासी बोटीला माणसांची अशी रेघ नसते, तिथे सारंगच रेघ. एकोणपन्नासचा परवाना असताना पन्नासावा माणूस चढला तर दोर सोडायचा नाही, ही त्याची जबाबदारी. म्हणून माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. दंड मालकाला करून भागत नाही, तो एका फेरीत वसूल होतो. सारंगाचं सर्टिफिकेट सहा महिने काढून घ्या. मग मालकाने कितीही सांगितलं तरी तो बोट हलवणार नाही.

वास्कोकर
  

तुम्ही सगळे जेटी धरून बोलताय. २०२४च्या नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली, एक जण गेला, वीसेक जणांना बाहेर काढलं. तिथे कुठली जेटी? गुडघाभर पाण्यातून लाटा चुकवत माणसं बोटीत चढतात. क्यूआर कोण उघडणार आणि तपासनीस कुठे उभा राहणार? बोटीची नोंद बंदर कप्तानाकडे, वॉटर स्पोर्ट्सची पर्यटन खात्याकडे, अपघात झाला की पोलिसांकडे. किनाऱ्यावर बोट अडवायचा अधिकार आणि जबाबदारी एकाच खात्याकडे हवी. त्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं.

चोडणची लेक
टॅक्सीवाले दादा, टायरचं मान्य. कागद पुरत नाही. पण आकडा दिसला असता तर मी पोरांना घेऊन चढलेच नसते. आत्ता मला नाही म्हणायलाही आधार नव्हता. तिकीटवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "रोजच जाते बोट."

म्हापशाचा टॅक्सीवाला
तुम्ही उतरला असता, मागचे पन्नास गेलेच असते. माझ्या गाडीत बसणारा पाहुणा दोन दिवसांसाठी आलेला असतो. त्याला मांडवी कुठली आणि झुआरी कुठली तेही माहीत नसतं. त्याच्या वतीने कोणीतरी मोजायला हवं, ते सरकारनेच मोजावं.

सारंगकाका, एक विचारतो. सर्टिफिकेट काढून घ्यायचं तर बोट जास्त भरली होती हे कोणीतरी पकडायला नको? म्हणजे माझा माणूस तुम्हालाही लागतोच.

जुना सारंग
लागतो. ते मी कबूल करतो. पण तो येईपर्यंत या ताईंनी ५८ मोजलेत, ते वाया घालवू नका. ताई, बोटीचा नंबर टिपलात का? अंगावर रंगवलेला असतो. तारीख आणि वेळ घालून लेखी द्या, पोच घ्या.

चोडणची लेक
फोटो काढला होता काका, आत्ता मोठा करून बघितला. नंबरावर जेटीला घासू नये म्हणून बांधलेला जुना टायर आलाय, पुढचे दोनच आकडे दिसतात. उद्या कामावरून सुटल्यावर जेटीवर जाऊन पुरता लिहून आणते.